दत्तूला वास सांगताना

माझा भाऊ दत्ताराम गेला ही बातमी सकाळी देवबागेतून मालवणच्या बाजारात गेली तेव्हा धड होती. संध्याकाळी तीच बातमी बाजारातून परत आमच्या घरापुढच्या खळ्यात आली, तेव्हा तिला शेपूट फुटलं होतं... ‘दारूनं गेला.’ आमच्या शेजारच्या सरस्वतीकाकी माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, “रडा नको गो. पिणाऱ्याचो शेवट असोच. सुटलो तो.” मी रडत होते, तरी त्यांचा हात बाजूला केला. मेलेल्या माणसाच्या दारात उभं राहून असं बोलवतं तरी कसं? पण काकींचं एकटीचं काय घेऊन बसायचं! महिना होत आला, भेटायला येणारा जो तो हेच बोलतो. कोणी तोंडावर, कोणी खळ्याबाहेर पडल्यावर. मी शाळेत पोरांना शिकवणारी बाई, वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिणं हे माझं काम नव्हे. पण एकदा सगळ्यांना एकदमच सांगून टाकते, म्हणजे दारात येणाऱ्या प्रत्येकाशी भांडत बसायला नको. आमच्या घरात व्हिस्की होती, हे खरं. रोज संध्याकाळी दत्तूच्या समोर पेला असायचा, हेही खरं. पण माझा भाऊ दारुडा नव्हता. माझ्या भावाचा वास गेला होता. जगातल्या एकाही वस्तूचा वास त्याला येत नव्हता, आणि तो परत यावा म्हणून तो त्या पेल्यासमोर बसायचा. तो आला नाही.

दत्तू माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लग्न होऊन दोन वर्षं होतात न होतात तोच मी कुंकू पुसून माहेरी परत आले, तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. मी पडवीत पाऊल ठेवलं आणि आईनं जो हंबरडा फोडला तो पार खाडीपलीकडे गेला असेल. बाबा खांबाला धरून उभे. सगळं घर रडतंय, आणि दत्तू हळूच माझ्याजवळ आला, माझ्या लुगड्याला नाक लावलं आणि म्हणाला, “आक्का, तुझ्या घोवाकडे म्हस होती?” होती. गोठा घराला लागूनच होता. त्या दिवशी मी एकदाच हसले ते त्याच्यामुळे, आणि आईनं माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. असं त्याचं नाक. शेजारणीनं बांगड्याच्या कालवणात तिरफळं घातली की विसरली, हे तो आमच्या माडांत उभा राहून सांगायचा. आईला ताप येणार असला की आदल्या दिवशी तिच्याजवळ जाऊन म्हणायचा, “तुका उद्या ताप येतलो, आज पाण्यात जाव नको.” आई चिडायची. दुसऱ्या दिवशी अंथरुणात.

मॅट्रिकला दोनदा बसून झालं आणि आमच्याकडची पोरं जातात तसा तोही मुंबईला जाऊन बोटीवर लागला. साहेबांच्या टेबलावर वाढायचं, पेले पुसायचे, सामान भरायचं. मालवाहू बोट, इंग्लंड-स्कॉटलंडला जाणारी. तिकडे स्कॉटलंडमधल्या एका बंदरात बोट माल उतरवायला थांबली की हा टेबलासाठी चीज, चहा असलं सामान आणायला एका म्हाताऱ्याच्या दुकानात जायचा. दुकान पुढून किराणा मालाचं, मागच्या अंगाला तळघर आणि त्यात व्हिस्कीची लाकडी पिंपं. म्हातारा स्वतः दारू गाळत नसे. गाळणाऱ्यांकडून एकेक पीप विकत आणायचा, वर्षानुवर्षं तळघरात ठेवायचा आणि त्याच्या मनाला आलं की हातानं बाटल्या भरायचा, वर चिठ्ठी चिकटवून त्या पिपाचा नंबर लिहायचा. दत्तू रजेवर आला की मला हे सगळं मोठ्या कौतुकानं सांगायचा. “मोठे कंपनीवाले शंबर पिपां एकात एक ओततत, आक्का. म्हणजे दरवर्साक एकच चव. ह्यो म्हातारो तसा करीत नाय. एका पिपाची ती तेचीच बाटली. एकाच भट्टीतली, एकाच दिवशी भरलेली दोन पिपां घे, दोगांचो वास येगळो. आणि एक पीप संपला काय संपला. परत तसा जगात खंय मेळाचा नाय.”

“संपला तर बरा झाला मेल्या,” मी म्हणायची. दारूबंदीचे दिवस, घरात विधवा मास्तरीण, आणि ह्याच्या तोंडी सदा पीप!

त्या म्हाताऱ्यानं ह्याचं नाक कसं ओळखलं तेही त्यानं सांगितलं होतं. एकदा म्हातारा कोणा गिऱ्हाइकाला दोन पेले दाखवत होता. दत्तू चहाचं पुडकं बांधून व्हायची वाट बघत बाजूला उभा. त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं बोट दाखवून सांगितलं, ह्या पेल्यातली ज्या पिपात होती त्या पिपात आधी द्राक्षाची दारू असणार. पेल्याला त्यानं हातही लावला नव्हता. गोव्याकडून आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे नाताळात ती दारू यायची, तो वास त्याच्या नाकात बसलेला. म्हातारा काही बोलला नाही, आत गेला आणि तिसरा पेला घेऊन आला. त्या दिवसापासून बोट लागली की दत्तू तळघरात. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं, वय झालेलं, आणि वयानं नाक मंदावलेलं. तीन-चार वर्षांनी तो दत्तूला म्हणाला, “बोट सोड आणि माझ्याकडे ये. पिपं तू निवडायचीस, बाटल्या मी भरीन.” मात्र त्याआधी एक कर, म्हणाला. बोटीवर कोळशाच्या नि तेलाच्या वासात नाक धड चालत नाही. घरी जा, समुद्राच्या वाऱ्यात आठ दिवस निवांत राहा आणि मग वेगवेगळ्या पिपांतल्या ह्या नमुन्याच्या बाटल्या हुंगून मला एक पीप सांग. तू सांगशील ते मी विकत घेईन.

त्या बाटल्या घेऊन दत्तू घरी आला तेव्हाचा त्याचा चेहरा मला आजही दिसतो. तोवर आई-बाबा गेले होते, घरात मी एकटीच. औषधाच्या बाटल्या असतात तेवढ्याशा, बुचावर लाख, लाखेखाली पिपाचा नंबर. मुंबईच्या गोदीतून त्यानं त्या कशा पार केल्या ते मला विचारू नका, मीही त्याला विचारलं नव्हतं. देव्हाऱ्याच्या खोलीत ठेवायला निघाला होता, मी ओरडले तेव्हा माडीवर नेल्या. “आठ दिस ऱ्हव,” मला म्हणाला, “माझ्या नाकातली बोट जावंदे, मगे उघडतंय.” आठ दिवस जायचे होते, तेवढ्यात फ्लूची साथ आली.

घरटी माणूस अंथरुणाला खिळला. दत्तूला ताप चढला तो उतरेना. कढण, काढे, सगळं केलं. उतरला तेव्हा नुसती हाडं राहिली होती, पण उतरला, मी देवाला नारळ दिला. त्यानंतर दोन-चार दिवसांनी मी चुलीवर बांगड्याचं कालवण ठेवून विहिरीवर गेले. दत्तू चुलीपाशीच पाटावर शेकत बसला होता. परत आले तो मागीलदारी पोचायच्या आधीच करपट वास. आत धावले तर कालवण पार कोळसा, धूर वासे चाटतोय, आणि हा ढिम्म बसलेला. “अरे मेल्या, करापला मां सगळा! नाकात बोळे घातलंस काय?” मी ओरडले. तो उठला, करपलेल्या मडक्याच्या कडेला बोट लावून नाकाशी नेलं. तिरफळांचा डबा उघडून त्यात तोंड घातलं. घासलेटची बाटली हुंगली. शेवटी माझा पदर हातात घेतला आणि बराच वेळ नाकाला लावून धरला... “आक्का,” तो म्हणाला, “कायच नाय.”

मालवणचे डॉक्टर म्हणाले, येईल, तापानं कधीकधी जातो, महिन्या-दोन महिन्यांत येईल. वैद्यांनी नाकात घालायला तेल दिलं. कापूर झाला, ओव्याची धुरी झाली. महिना गेला, दुसरा गेला. तिकडे म्हातारा वाट बघतोय, इकडे बाटल्यांची लाखही फुटलेली नाही. मग मीच म्हटलं, राखणदाराला गाऱ्हाणं घालूया. गावाचं राखण करणारा तो, त्याला विडी, कोंबडा आणि दारू लागते हे आमच्याकडे कोणालाही ठाऊक आहे. गावाच्या वतीनं देवाशी बोलणाऱ्या गावकरांना बोलावलं. त्यांनी वडाखाली उभं राहून गाऱ्हाणं घातलं, “बा राखणदारा महाराजा, ह्या लेकराचो गेलेलो वास तेका परत दी, रे महाराजा!” आम्ही हात जोडून म्हटलं, “व्हय महाराजा!” दारू म्हणून दत्तूनं त्या बाटल्यांतली एक आणली होती. तो तिची लाख फोडून माझ्या हातात देऊ लागला, आक्का, जरा हुंगून बघ कशी आहे, म्हणाला. गावकर खेकसले, “देवाक देवची वस्तू हुंगतत काय रे?” बरोबरच होतं. हुंगलेलं फूलसुद्धा आपण देवाला वाहत नाही. कोणी न हुंगलेली ती बाटली वडाखालच्या राखणदाराच्या दगडावर रिकामी झाली, आणि ते पीप कसं होतं हे कोणालाच कळलं नाही. वासही आला नाही. पुढं कितीतरी वर्षं दत्तू म्हणायचा, “तीच बाटली बरी होती. तेना घेतल्यान, आणि माका काय दिल्यान?” त्या वडाकडे तो पुन्हा फिरकला नाही.

त्यानंतर एका सकाळी तो उरलेल्या बाटल्या घेऊन माझ्यासमोर बसला. “आक्का, तू हुंग.”

मी हुंगायची? माझा संताप संताप झाला. विधवा बाई, शाळेत पोरांना श्लोक सांगणारी, ती दारूला नाक लावणार! “तोंडाक लावू नको गो,” तो म्हणाला, “नुसता हुंग. आणि येता तोच सांग. खरा सांग.” त्यानं बाटल्या माझ्यापुढं ओळीनं मांडल्या. मी न्हाले, देवपूजा उरकली आणि बसले. त्यानं मला रीत शिकवली. न खाता-पिता बसायचं. पेल्यात थेंबभर ओतून वर बशी झाकायची. मग बशी काढून, तोंड जरासं उघडं ठेवून हुंगायचं. मग चमचाभर पाणी घालायचं, की आतला वास वर येतो. शेवटी एक थेंब तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळायचे, दारूचा उग्रपणा उडून जातो आणि मागे नुसतं धान्य नि लाकूड उरतं. पहिल्या बाटलीला मला दवाखान्याशिवाय दुसरा कसला वास येईना. “तसा नाय गो, घाई करू नको, घरातला कायतरी आठव,” तो म्हणाला. आणि मग खरंच येऊ लागले. एका बाटलीला पावसाळ्यात चुलीवर टांगून वाळवलेल्या गोधडीचा, दमट आणि धुरकट. एकीला फणसाच्या लाकडाची जुनी पेटी उघडल्यावर येतो तो. एकीला सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, हे ऐकून तो इतका हसला, म्हणाला म्हाताऱ्याला सुंगटं म्हणजे काय ते कसं सांगू! आणि शेवटच्या बाटलीला... मी हात चोळले, नाकाशी नेले आणि मला एकदम आमचं वैशाखातलं खळं दिसलं. आंब्याच्या रसाची साठं उन्हात घातलेली, आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून सुपाभोवती ओढलेली राखेची रेघ. “आंब्याचा साठ,” मी म्हटलं, “आणि राख.” दत्तूनं डोळे मिटून घेतले होते. “अजून सांग.” “थोडी हळद. आणि कडेक मध... नाय, मध नाय, काकवी.” त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. “ह्याच,” म्हणाला. त्याच पिपाचा नंबर त्यानं म्हाताऱ्याला कळवला. म्हाताऱ्यानं पीप घेतलं, आणि लवकर ये म्हणून निरोप धाडला. मी मात्र त्या दिवशी हात राखेनं तीनदा घासले, तरी शाळेत फळा पुसताना आंब्याची साठं येतच होती.

तो स्कॉटलंडला जायच्या आठवडाभर आधी एक गोष्ट झाली. मी केर काढत होते, आणि माडीवरून तो ओरडत खाली आला, “येता! आक्का, येता! माका वास येता!” हातात तीच बाटली. मी केरसुणी टाकली. त्याचं तोंड इतकं उजळलं होतं की मी तिथंच हात जोडले. म्हटलं, देवा महाराजा, पावलास रे बाबा. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. उद्या हा त्या म्हाताऱ्यासमोर उभा राहणार, खात्री नको? मी म्हटलं डोळे मीट, आणि पेल्यात कोरा चहा ओतला. सकाळचा, थंड, पाणी घालून पातळ केलेला. त्याच्या हातात दिला. तो नाकाशी नेऊन हळूहळू सांगू लागला... आंब्याची साठं. राख. जराशी हळद. माझेच शब्द, मी सांगितले त्याच क्रमानं. त्याच्या तोंडावर इतकं सुख होतं.

“दत्तू,” मी म्हटलं, “तो कोरो चाय आसा.”

त्यानं डोळे उघडले, पेल्यात बघितलं. मग म्हणाला, “तुका माझा बरा झालेला बघवत नाय.” त्यानंतर जाईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. लोक मला म्हणाले असते, गप्प बसायचं होतंस, चार दिवस आनंदात गेले असते पोराचे. आज कोणी विचारलं तरी मी तेच करीन. त्यानंच मला ‘खरा सांग’ म्हणून बसवलं होतं. पण त्याचं ते तोंड बघून सांगताना जिवाचं काय झालं ते माझं मला ठाऊक.

तो तिकडे गेला, कारण त्याला माझं खरं मानायचं नव्हतं. पाच महिन्यांनी परत आला तो कायमचाच. बरेच दिवस नुसता माडांत राबत होता. मग एकदा दुपारी मी नारळ खवत होते आणि तो विळीसमोर येऊन बसला. “म्हाताऱ्यान माका तळघरात नेल्यान,” म्हणाला. “एक नवा पीप उघडल्यान आणि पेलो हातात दिल्यान. मी हुंगलंय. कायच नाय. कायतरी सांगाक होया म्हणान तुझा सांगलंय. आंबो, राख. तो माझ्या तोंडाकडे बघीत रवलो. तेना कायएक विचारल्यान नाय, आक्का. पिपाचा बूच लावल्यान आणि माका वर चाय पिऊक नेल्यान.” माझा हात थांबला होता. “इचारल्यान असता, शिव्या दिल्यान असत्यो तर बरा झाला असता. चाय पाजल्यान.” निघताना म्हाताऱ्यानं त्याला एक बाटली दिली. मी निवडलेल्या, म्हणजे त्यानं निवडलेल्या पिपातली. चिठ्ठीवर पिपाचा नंबर आणि त्याखाली म्हाताऱ्याच्या हाताची अक्षरं, हे पीप दत्ताराम, देवबाग, ह्यानं निवडलं. आमच्या देवबागेचं नाव! त्या संध्याकाळी त्यानं ती पडवीत उघडली, पेल्यात घेतली, हुंगली, मग एक घोट प्यायला. मी दारात उभी होते. “कशी आसा रे?” मी विचारलं.

“ऊन,” तो म्हणाला. “घशाक ऊन लागता. बाकी काय नाय.”

जगात त्याचं नाव लिहिलेली तेवढी एक वस्तू, आणि ती त्याच्या लेखी गरम पाणी! ह्याउपर माणसानं काय करावं? तो पुन्हा बोटीवर गेला नाही. माडांचं बघायचा, खाडीत शिंपल्यातली कालवं काढायचा, माझ्या शाळेच्या पगाराला हातभार लावायचा. सोयरीक आली होती, मुलगी शिकलेली, देखणी. नको म्हणाला. मी फार मागे लागले तेव्हा म्हणाला, “जिचो वास माका येवचो नाय, ती माझी आसा म्हणान कसा कळात?” पुढं मी विषय काढला नाही. जेवायला बसला की मीठ आणि तिखट तेवढं कळायचं. ताटात वर्षाचा पहिला आंबा वाढला तरी भात गिळावा तसा गिळायचा. आणि दिवसभर मला विचारायचा, “आता कसलो वास येता गो?” मी सांगायची. हळदीची पानं. ओली माती. बाजूच्यांकडे कोकमाची सोलं वाळत घातलीत. खाडीला ओहोटी लागली, चिखलाचा येतो. कधी दमून आलेली असले की म्हणायची, “कसलोच नाय.” “कसलोच नाय असा कधी नसता,” तो म्हणायचा. “खरा सांग.” मग मी पुन्हा नाक वर करून उभी राहायची.

आणि संध्याकाळचा पेला. ती बाटली घरात ठेवायची तर परवाना हवा, आणि परवाना मिळायचा तर हा माणूस व्यसनी आहे असं डॉक्टरनं लिहून द्यायला हवं. तसं लिहून घेतलं. म्हणजे माझ्या भावाला दारुडा ठरवण्याचं काम सरस्वतीकाकींच्या आधी सरकारनं केलं होतं. रोज दिवेलागणीला तो पेल्यात चार थेंब ओतायचा, हातात धरून बसायचा, पुन्हापुन्हा नाकाशी न्यायचा. रस्त्यानं जाणारे बघायचे. अर्ध्या-पाऊण तासानं पेला मला द्यायचा, मी हुंगून सांगायची, आणि मग तो ते चार थेंब परत बाटलीत ओतायचा. परत बाटलीत! एक बाटली सात-आठ वर्षं पुरली, आणि अजून तळाला आहे. दारुड्याला एक बाटली किती दिवस पुरते हो? ते बाजारात ज्यांना जास्त कळतं त्यांनी मला सांगावं. पण रोज हवा लागून तिचाही वास उडत चालला होता. आधी हळद गेली, मग काकवी. “आज साठां येतत काय?” तो विचारायचा. मी खरं सांगायची. “कमी.”

ह्या भाद्रपदात मी शिरोड्याला मामेबहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. पंधरा दिवसांनी परत आले. खळ्यात पाऊल टाकलं आणि तिथंच मला वास आला. आधी वाटलं, कुठेतरी घूस मरून पडली असेल. पडवीत दत्तू पाय लांब करून बसला होता, “इलंस? बरा झाला,” म्हणाला. पायाला फडकं गुंडाळलेलं. खाडीत कालवांच्या कवचीनं कापलं होतं, म्हणाला, जरासंच. “दुखना नाय कायएक.” मी फडकं सोडलं... नको, ते लिहीत नाही. त्याच्या अंगात साखर होती, मधुमेह, म्हणून पाय बधिर होऊन दुखत नव्हता, आणि आम्हा दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कोणाला नुसत्या वासानं दोन दिवसांत कळलं असतं. ह्याच्या नाकाखाली स्वतःचा पाय कुजत होता आणि हा त्यावर रोज तेच फडकं गुंडाळत होता. डॉक्टर आले. आठ दिवस आधी आणला असतात तर पाय कापून माणूस वाचला असता, म्हणाले. आता विष वर चढलं होतं.

शेवटचे दिवस त्याला मधल्या खोलीत ठेवला होता. माणसं भेटायला यायची, उंबऱ्यातच थबकायची आणि पदर, उपरणं, जे हाती असेल ते नाकाला लावायची. मी डोळ्यांनी दटावायची, पण वास काय कोणाच्या हातात असतो? दत्तू पडल्यापडल्या बघत होता. एका दुपारी सगळी गेल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं. “आक्का, लोक नाकाक पदर लावतत. कसलो वास येता?”

इतकी वर्षं मी त्याला एक वास खोटा सांगितला नव्हता. त्याच्या तोंडावरचं सुख एका पेल्याच्या खऱ्यापायी मी पुसून टाकलं होतं. पण जीभ उचलेना. “सुरंगीचो,” मी म्हटलं. “कोणीतरी फुलांचो वळेसर आणून ठेवलोहा. वास उग्र मां तेचो, म्हणान लोक पदर लावतत.”

“आता सुरंगी खंय गो?” म्हणाला. “ती फुलता शिमग्याक. अजून दिवाळी जावची आसा.”

मी मान खाली घालून बसले. आता म्हणेल, खरा सांग. म्हणाला तर सांगावं लागेल, मी मनाची तयारी करत होते. त्यानं माझा हात धरला. हात तापानं भाजत होता. “सांग मां,” म्हणाला, “कसो आसा सुरंगीचो वास? मी इसारलंय.”

आणि मी सांगितलं. त्या खोलीत, त्या वासात बसून मी त्याला सुरंगी सांगितली. उन्हात वाळताना आणखी गोड होते, आईच्या अंबाड्यात सुकून गेली तरी दोन-दोन दिवस तिच्या उशीला यायची, हे सगळं. तो डोळे मिटून ऐकत होता, मधूनमधून “आणि?” म्हणत होता. तिसऱ्या दिवशी गेला.

आता सगळे म्हणतात, खोली धुऊन टाक, धूप घाल, दारंखिडक्या उघड. गादी मी जाळली, जमीन सारवली, तरी दार लावून घेतलं की त्या खोलीत अजून तो वास येतो. सरस्वतीकाकी परवा स्वतःच खिडकी उघडायला निघाल्या, मी त्यांच्यावर ओरडले. बिचाऱ्या घाबरून गेल्या. कोणाला पटायचं नाही, पण बाटलीतली साठं तर कधीच उडाली, आणि त्या वासापलीकडे दत्तूचं असं ह्या घरात मला काही उरलेलं नाही. मी रोज शाळेतून आले की आत जाते, दार लावते आणि उभी राहते. आधी उंबऱ्यातच यायचा. काल बराच वेळ उभी राहिले तेव्हा कुठे जरासा आला.